कपाटातली ‘दुर्बीण’ : एका जोडयंत्राची ओळख

(टी. वाय. बी. ए., इतिहास)

भूगोल विभागाच्या कोठीत, शेवटच्या कपाटात, एका फुटक्या पृथ्वीगोलाच्या मागे एक पितळी यंत्र वर्षानुवर्षे पडून होते. खाली जड लोखंडी पाया, त्यावर खांब, खांबावर आडवी नळी आणि नळीच्या दोन्ही टोकांना भिंगे. कोणी त्याला दुर्बीण म्हणे, कोणी सूक्ष्मदर्शक. विभागातल्या शिपाईमामांचे मत असे की, ही ‘सत्तावनच्या बंडातली’ दुर्बीण असून कोणा सरदार घराण्याने ती महाविद्यालयाला दिली. डोळा लावून पाहिले तर खिडकीबाहेरचे पिंपळाचे झाड उलटे दिसे, आणि तेही इतके धूसर की ते झाड आहे हे आधी ठाऊक असावे लागे. भिंगाजवळ पुस्तक धरले तर अक्षरही दिसत नसे. दुर्बीण म्हणावी तर लांबचे दिसत नाही, सूक्ष्मदर्शक म्हणावा तर जवळचे दिसत नाही, असा सगळा प्रकार.

गेल्या वर्षी ही कोठी रिकामी करण्याचे ठरले आणि भंगाराची यादी तयार होऊ लागली. त्याच सुमारास वर्धापनदिनानिमित्त जुन्या वस्तूंचे एक छोटे प्रदर्शन भरवण्याचे काम इतिहास मंडळाकडे आले. यंत्र भंगारात जाणार की प्रदर्शनात, हे ठरवायचे तर ते मुळात काय आहे हे कोणीतरी सांगायला हवे होते. ते काम माझ्यावर पडले आणि पहिल्या खेपेस मी ते साफ चुकवले. ती चूक कशी झाली आणि कशी सापडली, हे सांगण्यासाठीच हा लेख.

नावावर विश्वास

नळीवर इंग्रजी अक्षरांत ‘ट्राउटन अँड सिम्स’ असे नाव कोरलेले होते. मी ग्रंथालयात जाऊन शोध घेतला. एडवर्ड ट्राउटन आणि विल्यम सिम्स यांची लंडनमधील ही भागीदारी १८२६ सालची. जॉर्ज एव्हरेस्ट १८३० मध्ये विलायतेहून हिंदुस्थानात परतला तेव्हा त्याने त्रिकोणमितीय सर्वेक्षणासाठी जी नवी उपकरणे आणली, त्यांतील ३६ इंची थिओडोलाइट याच कारागिरांचा होता. एवढे वाचल्यावर माझा धीर सुटला. आमच्या भित्तिपत्रकात मी ठळक अक्षरांत लिहिले : ‘एव्हरेस्टच्या काळातील सर्वेक्षणाची दुर्बीण, अंदाजे १८३० ते १८४३’. प्राचार्यांनी पाठ थोपटली. यंत्र भंगारातून वाचले.

भूगोलाचे सर भित्तिपत्रकासमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, “नळी त्या काळातली असेलही, पण हा पाया तर सूक्ष्मदर्शकाचा आहे. दुर्बिणीला सूक्ष्मदर्शकाचा पाय कोणी लावला, आणि का, ते तुम्ही लिहिलेले नाही.”

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. आम्हां इतिहासाच्या विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी शिकवतात की, कागद हाती आला की त्याची चिकित्सा करावी : अक्षर कोणाचे, कागद कोणता, मजकूर एकाच हाताचा की मागाहून कोणी त्यात भर घातली आहे. कागदाला लावतो ती कसोटी मी पितळेला लावली नव्हती. कोरलेले नाव वाचले आणि तेवढ्यावर थांबलो. एखाद्या पोथीच्या वेष्टनावरचे नाव पाहून आतल्या सगळ्या पानांचा काळ ठरवावा, तसाच हा प्रकार होता.

प्रत्येक भागाला तीन प्रश्न

सरांच्या परवानगीने यंत्र टेबलावर घेतले आणि एकेक भाग सुटा केला. सुटा करण्यापूर्वी प्रत्येक भागाचे चित्र वहीत काढले. कोणता स्क्रू कोठून निघाला ते पाकिटावर लिहिले. मग प्रत्येक भागाला तीन प्रश्न विचारायचे ठरवले. तू मुळात कशासाठी घडलास? इथे तुझे काम काय? आणि तुला इथे कोणी व कशाने जोडले?

पायापासून सुरुवात केली. पाया घोड्याच्या नालाच्या आकाराचा, बिडाचा आणि काळ्या रंगाचा. असा पाया एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून युरोपातील सूक्ष्मदर्शकांना सर्रास बसवत आणि पुढे तो शाळा-कॉलेजांच्या सूक्ष्मदर्शकांतही रूढ झाला. पायावरच्या खांबाला एक बिजागरी होती. सूक्ष्मदर्शक हवा तसा कलता करता यावा म्हणून ती असते. पूर्ण कलवला की नळी आडवी होते. खांबाच्या पुढच्या बाजूला चार बुजवलेली भोके होती. काचपट्टी ठेवायचा मंच तिथे होता. म्हणजे पाया सूक्ष्मदर्शकाचाच, यात शंका उरली नाही. पण तो निवडण्याचे कारणही आता कळले. ज्याला आडवी नळी हव्या त्या कलात पक्की बसवायची आहे, त्याला अशी जड आणि बिजागरीची बैठक आयतीच मिळत होती.

नंतर नळी घेतली. तिच्या पाठीवर दोन छोटे पितळी खुंट होते आणि त्यांच्यावर काहीच नव्हते. भूगोलाच्या सरांनी ते पाहताच ओळखले. डंपी लेव्हल या सर्वेक्षणाच्या उपकरणावर लांब पाणसळ बसवलेली असते, तिचे हे खुंट. दुसरी खूण नळीच्या आत सापडली. डोळ्याकडच्या टोकाचे नेत्रभिंग काढल्यावर आत एक चकती दिसली. तिच्यावर एक उभी व एक आडवी अशा छेदरेषा आणि आडव्या रेषेच्या वर-खाली आणखी दोन आखूड रेषा. या स्टेडिया रेषा. दूर उभ्या केलेल्या मापनपट्टीचा जेवढा भाग या दोन रेषांमध्ये दिसतो त्याला सामान्यतः शंभराने गुणले की पट्टीचे अंतर मिळते. जमीन मोजणाऱ्याखेरीज या रेषा कोणाच्या कामाच्या नाहीत.

यातून मला एक नियम सापडला आणि तो इतरत्रही लागू पडेल असे वाटते. जोडून केलेल्या वस्तूत ज्या खुणेचा आता काहीच उपयोग नाही, ती खूण मागच्या जन्माची साक्ष देते. बुजवलेली भोके, रिकामे खुंट, स्टेडिया रेषा या तिन्ही खुणा आज निरुपयोगी आहेत, म्हणूनच त्या बोलक्या आहेत.

एक स्वल्पविराम

नळी खांबाला एका रुंद पितळी कड्याने आवळलेली होती. कड्याच्या कडेला, नावाच्या अगदी आधी, एक बारीक टिंब दिसत असे. तो पोचा असावा असे मी पहिल्या वेळी समजलो होतो. कडे सोडवल्यावर ते टिंब नव्हते, स्वल्पविराम होता, हे दिसले. त्याच्या मागे, इतकी वर्षे कड्याखाली झाकलेला, आणखी एक शब्द होता : ‘कुक’.

‘कुक, ट्राउटन अँड सिम्स’. यॉर्क येथील थॉमस कुक यांच्या कारखान्याशी ट्राउटन अँड सिम्सचे एकत्रीकरण झाले ते १९२२ साली. त्याआधी या तीन नावांची मिळून पाटी असणे शक्य नाही. एव्हरेस्टने १८४३ मध्ये पद सोडले. माझी दुर्बीण त्यानंतर निदान ७९ वर्षांनी घडली होती! सत्तावनच्या बंडाची गोष्टही त्याच क्षणी निकालात निघाली.

खरे सांगायचे तर त्या दुपारी कडे पुन्हा आवळून टाकावे असा विचार मनात येऊन गेला. भित्तिपत्रक उतरले नव्हते, प्रदर्शन पंधरा दिवसांवर होते आणि नावाचा तो शब्द झाकलेला राहिला असता तर कोणाला कळले नसते. शिवाय, वस्तू जुनी नाही असे ठरले तर ती भंगारात जाणार ही भीती होतीच. सरांना सांगितले. ते म्हणाले, “तारीख गेली म्हणजे वस्तू गेली असे नाही. ती काय आहे हे अजून कुठे कळले आहे?”

नेत्रभिंग आणि प्रश्नपत्रिका

नळीच्या टोकाला जे नेत्रभिंग होते ते सैल होते आणि सैलपणा घालवण्यासाठी त्याच्याभोवती कागदाची पट्टी गुंडाळलेली होती. हे नेत्रभिंग सूक्ष्मदर्शकाचे, हायगेन्स पद्धतीचे निघाले. या पद्धतीत प्रतिमा नेत्रभिंगाच्या दोन काचांच्या मध्ये तयार होते. त्यामुळे त्याच्या बाहेर, पुढे बसवलेल्या छेदरेषा त्यातून स्पष्ट दिसूच शकत नाहीत. छेदरेषा पाहायच्या तर रॅम्सडेन पद्धतीचे नेत्रभिंग लागते. त्याची नाभी पुढच्या काचेच्या बाहेर असते. कपाटातल्या खडूच्या डब्यात, जुन्या टाचण्या व बुचांच्या गर्दीत, तसे एक नेत्रभिंग सापडले. ते नळीत कागदावाचून घट्ट बसले आणि आतला छेद कोळ्याच्या तंतूसारखा रेखीव दिसला.

गुंडाळलेली कागदाची पट्टी उलगडली तर ती छापील प्रश्नपत्रिकेची कड होती आणि तिच्यावर १९७१ हे साल होते. म्हणजे चुकीचे नेत्रभिंग १९७१ मध्ये किंवा त्यानंतर कोणीतरी बसवले. कपाट आवरताना ‘सूक्ष्मदर्शकाचा पाया, तर भिंगही सूक्ष्मदर्शकाचेच’ असा साधा हिशेब त्याने केला असावा. जोडलेल्या यंत्रावर हा आणखी एक थर. मूळ जोडणाऱ्याचा हेतू वेगळा आणि मागाहून आवरणाऱ्याचा वेगळा. दोघांना एक समजलो की ओळख बिघडते.

तीन सेंटिमीटरचा तुकडा

योग्य नेत्रभिंग बसवूनही पिंपळ धूसरच राहिला. पुढचे मोठे भिंग दोषी असेल म्हणून ते तपासले. यासाठी एक सोपी रीत आहे. अंधाऱ्या खोलीत भिंगासमोर मेणबत्ती धरावी आणि ज्योतीची किती प्रतिबिंबे दिसतात ते मोजावे. एकेरी भिंगात दोन दिसतात. दोन काचा चिकटवून केलेल्या वर्णदोषरहित भिंगात दोन ठळक आणि तिसरे अगदी फिकट दिसते. आमच्या भिंगात तीन दिसली. भिंग चांगले होते. खिडकीची प्रतिमा कागदावर पाडून मोजले तेव्हा त्याचे नाभीय अंतर सुमारे २५ सेंटिमीटर आले.

मग दोष कोठे? नळीच्या डोळ्याकडच्या भागात, छेदरेषांच्या चकतीच्या अलीकडे, सुमारे तीन सेंटिमीटर लांबीचा पितळेचा तुकडा डाग देऊन जोडलेला होता. त्याचा रंग नळीपेक्षा तांबूस आणि कडेवर कानशीचे ओरखडे. हा तुकडा कारखान्यातला नव्हता. त्याच्यामुळे नळी २८ सेंटिमीटरपेक्षा आखूड होऊच शकत नव्हती. बाहेर ओढली तर ३० पर्यंत जात होती. लांबच्या वस्तूची प्रतिमा भिंगापासून २५ सेंटिमीटरवर पडते, म्हणून लांबचे काही स्पष्ट दिसणे अशक्य होते. कोणीतरी जाणूनबुजून दुर्बिणीची दूरदृष्टी घालवली होती.

भौतिकशास्त्र शिकलेल्या एका मित्राने भिंगाच्या सूत्राने उलट हिशेब करून दिला. प्रतिमा २८ सेंटिमीटरवर पडण्यासाठी वस्तू सुमारे २३३ सेंटिमीटरवर हवी. ३० वर पडण्यासाठी १५० वर. म्हणजे हे यंत्र फक्त दीड ते सव्वादोन मीटरवरच्या वस्तू पाहण्यासाठी मुद्दाम बदललेले होते. आम्ही वर्तमानपत्र भिंतीला लावून पाहिले. दोन मीटरवर बारीक अक्षर छापल्यासारखे स्वच्छ दिसले. दिसले ते उलटे, एवढेच.

खोलीतल्या खोलीत दोन मीटरवरची कोणती गोष्ट इतकी बारकाईने पाहायची असते?

उलटी पट्टी

उत्तर आमच्या डोळ्यांसमोर होते. नकाशांच्या लांब पेटीत अर्ध्या मीटरची एक लाकडी पट्टी होती. तिच्यावर चिकटवलेल्या कागदी मापाचे आकडे विचित्र होते. डाव्या-उजव्या क्रमात चूक नव्हती, पण प्रत्येक आकडा पाण्यात पडलेल्या प्रतिबिंबासारखा खाली डोके वर पाय. इंग्रजी तीन, आठ आणि शून्य जसेच्या तसे वाटत. दोन, चार, सात मात्र ओळखू येत नसत. ‘छपाईत बिघडलेली पट्टी’ म्हणून ती नकाशे सरळ ठेवण्यासाठी वापरली जाई.

यंत्राच्या खांबाला, नळीच्या वर, पत्र्याची एक पट्टी बसवलेली होती आणि तिला दोन भोके होती. त्यांतील अंतर सहा सेंटिमीटर. लाकडी पट्टीच्या मध्यभागीही दोन भोके होती. अंतर तेच.

पट्टी स्क्रूने बसवली. एक मीटरवर भिंतीला एक छोटा आरसा टांगला आणि नळी त्याच्यावर रोखली. मी डोळा लावला. आरशात पट्टीचे प्रतिबिंब होते. आकडे सुलट, ठळक आणि वाचता येण्याजोगे. त्यांच्यावरून छेदाची उभी रेषा गेलेली. आरसा डावे-उजवे बदलतो आणि ही नळी वस्तू पूर्ण उलटी दाखवते. हे दोन्ही बदल एकावर एक झाले की शिल्लक राहतो तो फक्त वर-खाली फरक. तोच फरक पट्टीवर आधीच छापून ठेवला होता. पट्टी बिघडलेली नव्हती. ती याच नळीसाठी आणि आरशासाठी छापलेली होती. आरशापर्यंत एक मीटर आणि परत पट्टीपर्यंत एक मीटर, असा दोन मीटरचा हिशेबही जुळला.

आता यंत्राला नाव देता आले. ही आरशाच्या गॅल्व्हानोमीटरची वाचन-दुर्बीण. सूक्ष्म विद्युत्प्रवाह मोजण्याच्या या उपकरणात एका बारीक तारेला गुंडाळी आणि चिमुकला आरसा टांगलेला असतो. प्रवाह गेला की आरसा किंचित वळतो. तो वळणे डोळ्याला कळत नाही. पण आरशातून दिसणारे पट्टीचे प्रतिबिंब सरकते आणि दुर्बिणीतून ते वाचता येते. आरसा जेवढा वळतो त्याच्या दुप्पट किरण वळतो. त्यामुळे एक मीटरवरच्या पट्टीवर एक मिलिमीटर सरकणे म्हणजे आरसा अंशाच्या अवघ्या पस्तिसाव्या भागाएवढा वळणे. आरसा आणि पट्टीची ही युक्ती जर्मन शास्त्रज्ञ पोगेनडॉर्फ याने १८२६ मध्ये सुचवली आणि गाउसने पुढील दशकात गॉटिंगेन येथे चुंबकीय मोजमापांत ती वापरली.

आमच्या इमारतीत पूर्वी विज्ञान शाखाही होती. ती स्वतंत्र इमारतीत गेली तेव्हा हे यंत्र मागे राहिले असावे. सर्वेक्षणाची नळी दिसल्यामुळे ते भूगोलाच्या वाट्याला आले.

डेड स्टॉक रजिस्टर

शेवटचा पुरावा कागदाचाच मिळाला. कार्यालयातील जुन्या डेड स्टॉक रजिस्टरमध्ये १९५६ साली एक सूक्ष्मदर्शक ‘मोडका’ म्हणून आणि १९५८ साली एक डंपी लेव्हल ‘निरुपयोगी’ म्हणून कमी केल्याची नोंद आहे. वाचन-दुर्बीण खरेदी केल्याची नोंद कोठेही नाही. ती कधी विकत घेतलीच नव्हती. दोन निकामी वस्तूंतून ती इथेच, १९५८ च्या सुमारास किंवा त्यानंतर, कोणीतरी केली. कोणी केली हे रजिस्टर सांगत नाही. प्रयोगशाळेतील एखादे शिक्षक असतील, परिचर असतील, किंवा गावातला एखादा तांबट हाताशी धरून दोघांनी मिळून केली असेल. पण ज्याने केली त्याला प्रकाशशास्त्र पक्के ठाऊक होते. तीन सेंटिमीटरचा तुकडा उगाच तीन सेंटिमीटरचा नाही.

जोडलेले म्हणजे खोटे नव्हे

‘निरनिराळ्या तुकड्यांचे आहे, म्हणजे अस्सल नाही’ असे एका वर्गमित्राने म्हटले. त्याला उत्तर द्यायला हवे. १८०८ साली लॅम्टनचा अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट तंजावरच्या देवळावर चढवताना दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळून वाकले. लॅम्टनने अनेक आठवडे खपून ते पुन्हा आकाराला आणले आणि त्याच यंत्राने पुढे मोजणी चालू ठेवली. फ्लॉरेन्सच्या संग्रहालयात गॅलिलिओची जी दुर्बीण आहे तिचे मूळ नेत्रभिंग हरवले असून आज आहे ते मागाहून बसवलेले आहे. म्हणून ती दुर्बीण कोणी टाकून देत नाही. फक्त कोणता भाग कधीचा हे प्रामाणिकपणे सांगतात. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९६६ मध्ये पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती घ्या. शेकडो हस्तलिखिते ताडून मूळ पाठ वर ठेवला आणि मागाहून आलेले श्लोक फेकून न देता टीपा व परिशिष्टांत जपले. जुन्या वस्तूला तोच न्याय लावला पाहिजे. खोटेपणा जोडण्यात नसतो. जोड झाकून एकच नाव व एकच तारीख सांगण्यात तो असतो, आणि तो मी केला होता.

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी मी भित्तिपत्रकावरचा मजकूर स्वतः उतरवला आणि त्या जागी माझ्या चुकीसह सगळी हकीकत लिहिली. प्रदर्शनात यंत्र ठेवले ते आरसा व पट्टीसह. येणाऱ्याने डोळा लावावा आणि आरसा बोटाने हलकेच स्पर्शून आकडे सरकताना पाहावेत. शिपाईमामांनीही पाहिले. “सत्तावनची नाही तर नाही,” ते म्हणाले, “पण आपल्या इथं बनली म्हणता ना?”

यंत्र आता भंगाराच्या यादीत नाही. प्राचार्यांच्या सांगण्यावरून रजिस्टरात त्याची प्रथमच नोंद झाली. किमतीच्या रकान्यात काय लिहावे हा प्रश्न कार्यालयाला पडला. शेवटी तिथे आडवी रेघ मारली.

वाचकांना एक विनंती करून थांबतो. आपल्या घरी, शाळेत किंवा गावच्या वाचनालयात असे एखादे अनोळखी पितळी यंत्र असेल तर ते चिंचेने घासून चकचकीत करू नका; ओरखडे, डाग आणि पुसट अक्षरे हाच त्याचा दस्तऐवज असतो. सोडवण्याआधी चित्र काढा. सैल भागाभोवतीचा कागद फेकू नका. शेजारच्या डब्यातल्या ‘निरुपयोगी’ वस्तू एकदा पाहून घ्या. आणि कोरलेले नाव सगळ्यांत शेवटी वाचा. वाचाल तेव्हा कडे सोडवून पूर्ण वाचा.